वचन वाचताना मागचे-पुढचे कसे पाहावे

नव्या वर्षाच्या उपासनेत हातात पडलेली वचनाची चिठ्ठी, भिंतीवरचे कॅलेंडर, लग्नाची पत्रिका, रोज सकाळी फोनवर येणारे चित्र. आपल्यापैकी बहुतेकांची बायबलशी गाठ अशी एकेका ओळीने पडते. ओळ खरीच असते, पण ती कोण कोणाला म्हणाले, कशावरून म्हणाले आणि त्याच्या आधी काय घडले होते, हे सगळे मागे राहिलेले असते. त्यातून दोन प्रकारचे नुकसान होते. देवाने न दिलेले आश्वासन दिले असे समजून माणूस वाट पाहत बसतो आणि तसे घडले नाही की त्याचा विश्वास कोलमडतो. दुसरे नुकसान सहसा लक्षात येत नाही. त्या उताऱ्यात खरोखर जे दिलेले असते, आणि ते बहुतेक वेळा जास्त भक्कम असते, ते वाचायचेच राहून जाते.

हे टाळायला हिब्रू-ग्रीक यायला हवे असे नाही. छापील बायबल, पेन्सिल, वही आणि निवांत अर्धा तास पुरतो. फोनवर वाचत असाल तर एका वचनाचे पान उघडू नका, पूर्ण अध्याय उघडा. ॲपमध्ये वचनांचे आकडे व मथळे लपवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

आकडे आणि मथळे बाजूला ठेवा

अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी १३व्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि ती स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे. नव्या कराराला वचनांचे आकडे रॉबर्ट एतिएन या मुद्रकाने १५५१च्या ग्रीक आवृत्तीत घातले. उताऱ्यांवरचे ठळक मथळे तर प्रकाशकांनी दिलेले असतात. शोधायला हे सगळे फार सोयीचे आहे, पण विचार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आकड्यांवरून ठरवू नका.

यशया ५३ हा दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय सर्वांना माहीत असतो, पण ते गीत सुरू होते ५२:१३ला, म्हणजे बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनाला. ५३:१पासून वाचणाऱ्याला सेवकाच्या उंचावले जाण्याची सुरुवात दिसतच नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, १ करिंथ ११:१मध्ये, प्रेषित पौल ‘माझे अनुकरण करा’ म्हणतो, ते दहाव्या अध्यायातल्या विचाराचे शेवटचे वाक्य आहे. स्वतःचे हित न पाहता दुसऱ्याचे पाहावे, असा तो विचार आहे. अध्यायाचा आकडा मध्ये आल्यामुळे ते वाक्य पोरके झाले आहे.

सर्वात जास्त त्रास झाला आहे तो इफिस ५:२२मुळे. अनेक आवृत्त्यांत ५:२१ आणि ५:२२ यांच्या मध्ये मथळा येतो. मग ‘पत्नींनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’ हे वाक्य वेगळे उभे राहते, घराघरात ऐकवले जाते आणि कधी कधी मारहाण सोसायला लावण्यासाठीही वापरले जाते. मथळा हाताने झाकून वाचा. २१व्या वचनात सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे म्हटले आहे. पत्नींसाठीचा भाग २२ ते २४, एवढाच. २५पासून पुढे जवळजवळ सगळे पतींना उद्देशून आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी (चर्चसाठी) स्वतःला दिले तसे तू स्वतःला दे, तिला स्वतःच्या शरीरासारखी जप. हा भाग गाळून आधीचा वापरणारा माणूस पवित्र शास्त्र सांगत नाही, त्याचा एक तुकडा हत्यारासारखा वापरतो.

किती वाचायचे

हे लिखाणाच्या प्रकारावर ठरते. पत्र असेल तर पूर्ण पत्र एका बैठकीत वाचा. फिलिप्पैकरांस पत्रात चारच अध्याय आणि १०४ वचने आहेत, मोठ्याने वाचले तरी पंधरा-वीस मिनिटांत होते. रोमकरांस पत्रासारखे मोठे पत्र एका बैठकीत जमले नाही तर निदान आधीचे दोन अध्याय घ्या. स्तोत्र असेल तर स्तोत्र पूर्ण वाचायचे, त्याला सवलत नाही. कथा असेल तर माणसे, जागा किंवा काळ बदलतो तिथपासून पुन्हा बदलतो तिथपर्यंत. संदेष्ट्यांच्या ग्रंथात आधी तारीख शोधा. अमुक राजाच्या अमुक वर्षी, असे बऱ्याच ठिकाणी दिलेले असते. तिथून सुरुवात करा.

वाचताना ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तर मग’, ‘परंतु’ या शब्दांवर पेन्सिलने खूण करा. वचन ‘म्हणून’ने सुरू होत असेल तर मागे गेल्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही. रोम १२:१मध्ये पौल शरीरे जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करायची विनंती करतो. तिथला ‘म्हणून’ मागच्या अकरा अध्यायांतल्या देवाच्या दयेवर उभा आहे. ती दया न वाचता यज्ञाची मागणी वाचली की उरते फक्त ओझे.

मग वहीत पाच ओळी लिहा. कोण बोलत आहे? कोणाशी? त्याआधी काय घडले? हे कोणत्या प्रकारचे लिखाण आहे? आणि या उताऱ्याने मूळ ऐकणाऱ्यांना काय करायला सांगितले? शेवटच्या प्रश्नाला सर्वात जास्त वेळ द्या.

बोलणारा कोण, हे आधी

ईयोब ८:७ दुकानांच्या उद्घाटनाला आणि वाढदिवसाला हमखास दिसते: तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल. हे बोलतो ईयोबाचा मित्र बिल्दद शूही. आता चौथे वचन वाचा. ईयोबाची दहाही मुले घर कोसळून मेली आहेत आणि बिल्दद त्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचे फळ दिले. सहाव्या वचनात तो अट घालतो: तू शुद्ध व सरळ असशील तर देव तुझ्यासाठी उठेल. त्याच अटीला सातवे वचन जोडलेले आहे. वाचकाला पहिल्याच अध्यायापासून ठाऊक असते की ईयोब सात्त्विक आहे, तसे देवानेच म्हटले आहे. शेवटी ४२:७मध्ये देव ईयोबाच्या दुसऱ्या मित्राला, अलीफजाला, स्पष्ट सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

मग बिल्ददाचे सगळेच खोटे का? इथे सावकाश चालावे लागते. ४२:१२मध्ये ईयोबाचा शेवटचा काळ पहिल्यापेक्षा खरोखर अधिक आशीर्वादित झाला. आणि अलीफजाचे ५:१३मधले शब्द पौलाने १ करिंथ ३:१९मध्ये शास्त्रवचन म्हणूनच घेतले आहेत. मित्रांची बरीच वाक्ये सुटी घेतली तर बरोबर वाटतात. त्यांनी ती ज्या माणसाला, ज्या हिशेबाने लावली तो हिशेब चुकला. सुख म्हणजे नीतिमत्त्वाची पावती आणि दुःख म्हणजे पापाची, हे त्यांचे सूत्र देवाने नाकारले. त्यामुळे ८:७ कार्डावर छापताना बिल्ददाची अट आपल्याही गळ्यात पडत नाही ना, हे पाहावे. आणि शोक करणाऱ्या घरी तर हे वचन अजिबात नेऊ नये.

हाच नियम इतरत्रही लावा. बायबलमध्ये सैतान बोलतो, फारो बोलतो, घाबरलेले शिष्य बोलतात. ‘देव नाही’ हे शब्दही बायबलमध्ये आहेत, पण स्तोत्र १४:१ सांगते की ते मूढ आपल्या मनात म्हणतो.

एक वचन जवळून: यिर्मया २९:११

‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ परीक्षेचा निकाल, नोकरीची मुलाखत, व्हिसा, सगळीकडे हे वचन पोचते. वरची पद्धत त्याला लावून पाहू.

वाचायचा भाग: अध्याय २७ ते २९. अर्धा तास पुरेल.

काय घडले होते? इ.स.पू. ५९७मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा यकन्या, राजमाता, दरबारी, सुतार, लोहार अशांना बाबेलला नेले. मंदिर अजून उभे होते, मागे सिद्कीया राजा होता. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, परत कधी? अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर, परमेश्वराच्या नावाने उत्तर देतो: दोन वर्षांत. संदेष्टा यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून लाकडी जू होते, ते हनन्या काढून मोडतो. यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर असे करो’ म्हणतो. त्यालाही ते हवेच होते. पण नंतर त्याला जे वचन मिळते ते वेगळे असते: लाकडी जू मोडलेस, त्याच्या जागी लोखंडी येईल. हनन्या त्याच वर्षी मरतो.

यानंतर एकोणतिसावा अध्याय, म्हणजे एक पत्र. एलासा आणि गमऱ्या हे दोन राजदूत ते बाबेलला नेतात. पाचव्या वचनापासून पत्र काय सांगते पाहा. घरे बांधा. बागा लावा, त्यांचे फळ खा. लग्ने करा, मुलांची लग्ने करा. ज्या नगरात मी तुम्हांला पाठवले त्याच्या शांतीसाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि लवकर परत न्यायची स्वप्ने सांगणाऱ्या संदेष्ट्यांचे ऐकू नका. मग दहावे वचन: बाबेलची सत्तर वर्षे भरली म्हणजे मी तुम्हांला परत आणीन. त्याला लागूनच अकरावे येते.

सत्तर वर्षे! पत्र ऐकत बसलेल्या प्रौढांपैकी बहुतेक जण बाबेलमध्येच मरणार होते. हिताचे संकल्प होते, पण ते त्यांच्या नातवंडांच्या काळात दिसणार होते. तिथल्या लोकांना हे पत्र गोड लागले नाही, याचा पुरावा त्याच अध्यायात आहे. अठ्ठाविसाव्या वचनात शमाया नेहलामी बाबेलहून यरुशलेमेला लेखी तक्रार करतो, की हा मनुष्य आम्हांला कळवतो ‘हे लांबणार आहे, घरे बांधा’, त्याला अजून धमकावले का नाही? आज आपण जे वचन फुलांच्या चित्रावर छापतो, त्या वचनाच्या पत्राबद्दल ही तक्रार होती. १५ ते १९ ही वचनेही सोडू नका. यरुशलेमेत मागे राहिलेल्यांवर तलवार, दुष्काळ आणि मरी येईल असे तिथे आहे. ‘तुमच्याविषयी’ म्हणजे कोणाविषयी, हे त्यावरून पक्के होते.

आता पाचवा प्रश्न. ऐकणाऱ्यांनी काय करायचे होते? जिथे नेले तिथे नांदायचे, शत्रूच्या शहराचे भले करायचे आणि १२-१३ वचनांप्रमाणे मनापासून परमेश्वराला शोधायचे. निकालाआधी हे वचन वाचणाऱ्या मुलीला यातून पास होण्याची हमी मिळत नाही. नापास झाली तरी जिच्या जगण्यातून देव बाजूला झालेला नाही, जिथे आहे तिथे जिने मुळे धरावीत, अशी ती असू शकते, एवढे मात्र हे पत्र नक्की सांगते. मला वाटते, हे आश्वासन जास्त दिवस पुरते.

हे पत्र नीट वाचणारा एक वाचक बायबलमध्येच भेटतो. दानीएल ९:२मध्ये दानीएल यिर्मयाच्या सत्तर वर्षांचा विचार करतो आणि लगेच उपास करून, गोणपाट नेसून, स्वतःच्या लोकांच्या पापांची कबुली देतो. त्याने आकडा वाचला आणि बाराव्या-तेराव्या वचनातले काम केले.

लवकर पाहता येण्याजोगी दोन

‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे फिलिप्पै ४:१३. पौल बंधनात आहे. ११-१२मध्ये तो सांगतो की पोटभर असणे आणि भुकेले राहणे, विपुलता आणि टंचाई, दोन्हीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. ‘सर्वकाही’ म्हणजे ही सगळी परिस्थिती. स्पर्धा जिंकण्याचा विषय तिथे नाही. चौदावे वचनही वाचा: तरी तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे ठीक केले. सामर्थ्य देवाकडून होते आणि फिलिप्पैकरांची मदत एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हातून आली, दोन्हींबद्दल तो बोलतो.

‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत’, मत्तय १८:२०. प्रार्थनेला कमी लोक आले की हे म्हटले जाते. १५व्या वचनापासून वाचले तर विषय आहे अपराध करणाऱ्या भावाचा: आधी एकट्याने एकांतात जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. दोन-तीन साक्षीदारांचा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथातून, १९:१५मधून येतो. वर हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे, खाली साताच्या सत्तर वेळा क्षमा. म्हणजे अवघड निर्णय घेताना येशू मध्ये उभा आहे. कमी माणसांच्या प्रार्थनेला धीर हवा असेल तर मत्तय ६:६ आहेच. तिथे तर दार लावून बसलेला एकटाच माणूस आहे.

लिखाणाचा प्रकार चुकला की

नीतिसूत्रे ही निरीक्षणे आहेत, करारपत्रे नव्हेत. २६:४ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ म्हणते दे. दोन्ही शेजारी मुद्दाम ठेवली आहेत. कधी कोणते, हे शहाणपण वाचणाऱ्याने वापरायचे. १०:४ सांगते की उद्योगी हात धनवान करतो, पण १३:२३ सांगते की गरिबाच्या शेतात भरपूर पिकते आणि अन्यायामुळे ते हातचे जाते. पहिले एकटे वाचणारा गरिबाला आळशी ठरवून मोकळा होईल. २२:६मधले ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप शिक्षण’ हेही असेच. मूल भरकटलेल्या आईवडिलांना ते वचन दोषारोपासारखे ऐकवणे क्रूरपणाचे आहे.

स्तोत्रे प्रार्थना आहेत, गीते आहेत. स्तोत्र ९१ कोविडच्या काळात घरोघर म्हटले गेले: मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही. ते म्हणावेच. पण ते कसे वापरू नये हे मत्तय ४मध्ये दिसते. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून याच स्तोत्रातली ११-१२ वचने ऐकवतो आणि खाली उडी टाक म्हणतो. येशू अनुवाद ६:१६ने उत्तर देतो: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. ते वचन मुळात जाऊन पाहिले तर पुढे ‘मस्सा येथे पाहिली तशी’ असे आहे. म्हणून निर्गम १७ उघडायचे. तिथे पाणी नव्हते आणि लोक विचारत होते, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? येशूला तो अख्खा प्रसंग ठाऊक होता. नव्या करारात जुन्या करारातले वचन आले की असेच मागे जाऊन मूळ अध्याय वाचायची सवय लावा. तळटिपेत संदर्भ दिलेला असतो.

पुढे आपल्यापर्यंत

संदर्भ पाहिल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: हे इस्राएलाला होते, आपल्याला काही नाही. असे केले तर जुन्या करारातले फारसे काही हाती उरणार नाही. २ करिंथ १:२० सांगते की देवाची सर्व वचने ख्रिस्तामध्ये ‘होय’ अशी आहेत. तेव्हा मूळ ऐकणाऱ्यांपासून निघा, ख्रिस्तामुळे काय बदलले ते विचारा, मग आपल्याकडे या. घाईत मधला टप्पा गळतो. रोम ८:२८मध्ये सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे आहे. ते कल्याण कोणते, हे २९ सांगते: त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपासारखे होणे. ३५व्या वचनात तर क्लेश, उपासमार, नग्नता, तलवार यांची यादीच आहे.

एखादे वाक्य दोन अर्थांचे वाटले तर दुसरे भाषांतर शेजारी ठेवा. बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र बहुतेक घरांत असते. त्याच्याबरोबर सोप्या मराठीतली एखादी आवृत्ती, किंवा पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून केलेले भाषांतर मिळाले तर तेही पाहा. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांवर भाष्य करणारी पुस्तके, सर्वात शेवटी उघडा. आधी उघडला की आपले डोळे बंद होतात.

गटात शिकवत असाल तर वचन सांगण्याआधी कोणालातरी परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या आणि वाचून होईपर्यंत काही समजावू नका. रविवारच्या शाळेत पाठांतरासाठी वचनाऐवजी तुकडा द्या: फिलिप्पै ४:१०-१३, यिर्मया २९:१०-१४. मुलांना चार-पाच वचने आठवड्यात सहज होतात. फोनवर पाठवायचे असेल तर वचनाच्या वर एक ओळ स्वतः लिहा, उदाहरणार्थ ‘बाबेलमध्ये कैदेत असलेल्यांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातून’. आणि कोणी दुःखात असताना चुकीच्या संदर्भातले वचन धरून बसले असेल तर त्या दिवशी त्याला सुधारू नका. शेजारी बसून त्याच्याबरोबर तो अध्याय सुरुवातीपासून वाचा.